उन्हाळी शिबिराचा व्हिडिओ: पालकांच्या मनातील प्रश्नांपासून सुरुवात

मुलाला उन्हाळी शिबिराला पाठवायचे की नाही, हा निर्णय मराठवाड्यातील बहुतेक घरांत रात्रीच्या जेवणानंतर होतो. व्हॉट्सॲपवर आलेला व्हिडिओ आई उघडते, मूल तिच्या खांद्यावरून डोकावते, वडील शुल्क किती आहे ते विचारतात आणि शेवटी तो मोबाइल आजीच्या हातात जातो. आजी व्हिडिओ शेवटपर्यंत पाहते आणि विचारते, “एवढ्या उन्हात लेकराला कुठं पाठवायलात?” ज्या व्हिडिओत या प्रश्नाचे उत्तर नसते, तो कितीही देखणा असला तरी त्यातून नोंदणी होत नाही. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतील शिबिरांसाठी काही वर्षे व्हिडिओ केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, मुलांना आकर्षित करण्यासाठी व्हिडिओची गरज फारशी नसते, कारण मुले एका छायाचित्रावरही यायला तयार होतात. व्हिडिओ लागतो तो घरातल्या मोठ्यांची काळजी दूर करण्यासाठी. पुढील सर्व सूचना या एका गोष्टीभोवती आहेत.

कॅमेरा काढण्याआधी

मागील वर्षी ज्यांची मुले आली होती अशा पाच-सहा आणि ज्यांनी चौकशी करूनही नोंदणी केली नाही अशा पाच-सहा पालकांना भेटावे किंवा फोन करावा. दुसऱ्या गटाकडून अधिक शिकायला मिळते. त्यांचे प्रश्न त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवावेत, कारण व्हिडिओतील निवेदनाची भाषा पुढे याच वहीतून मिळणार असते. माझ्या वहीत दरवर्षी जवळजवळ तेच प्रश्न येतात. दुपारी मुले कुठे असतात? पाणी कुठले आणि पुरेल का? वीज गेली तर काय करता? रात्री मुलींच्या खोलीजवळ कोण झोपते? संडास-बाथरूम कसे आहेत? ताप आला तर दवाखाना किती दूर आहे? घरी बोलू देतात का? मध्येच आणावे लागले तर पैसे परत मिळतात का?

पाण्याच्या प्रश्नाला आपल्याकडे विशेष अर्थ आहे. एप्रिल २०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथील पालक पाण्याविषयी विचारतात, तेव्हा तो प्रश्न अनुभवातून आलेला असतो. “मुबलक पाण्याची सोय आहे” एवढ्या वाक्याने त्यांचे समाधान होणार नाही. बोअर आहे की विहीर, टँकर लागतो का, पिण्याचे पाणी जारचे आहे की शुद्धीकरण यंत्राचे, टाकी किती लिटरची आहे, हे दृश्यासह सांगावे. टँकर येत असेल तर टँकरच दाखवावा. टँकर आल्याचे पाहून कोणी नाव काढून घेतल्याचे मला आठवत नाही.

सर्व पालक एकसारखे नसतात, हेही या गप्पांतून कळते. छत्रपती संभाजीनगर किंवा नांदेड शहरातील पालकांना मुलाच्या हातातून मोबाइल सुटावा, त्याने मातीत खेळावे, विहिरीवरची मोट कशी चालत असे ते ऐकावे, असे वाटते. खेड्यातील पालकांना यांपैकी कशाचेच अप्रूप नसते. पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेल्या मुलाच्या वडिलांना शिबिरात विज्ञानाचे प्रयोग, संगणक किंवा बोलण्याचा सराव यांत रस असतो. लातूरसारख्या ठिकाणी आठवी-नववीच्या मुलांचे पालक शिकवणी बुडेल का, याचा हिशेब आधी करतात. एकाच व्हिडिओत या सर्वांना खूश करण्याचा प्रयत्न केला की तो कोणाचाच राहत नाही. मुख्य व्हिडिओ एकच ठेवावा आणि त्याच चित्रणातून वेगवेगळ्या पालकांसाठी अर्ध्या मिनिटाचे दोन-तीन तुकडे काढावेत.

चित्रण शिबिर चालू असतानाच करावे

पुढील वर्षीच्या जाहिरातीचे चित्रण या वर्षीच्या शिबिरात करायचे असते. मार्चमध्ये चार मुले गोळा करून, त्यांना नवे टी-शर्ट घालून हसायला लावलेला व्हिडिओ लगेच ओळखू येतो. पहिलेच वर्ष असेल तर हिवाळ्यात किंवा फेब्रुवारीत एक दिवसाचे छोटे शिबिर घ्यावे, तेच चित्रित करावे आणि ते एक दिवसाचे होते असे व्हिडिओत स्पष्ट लिहावे.

येथे मला माझ्या पहिल्या व्हिडिओची गोष्ट सांगावीशी वाटते. रस्सीखेचीचा खेळ वेळापत्रकाप्रमाणे सकाळी सात वाजता झाला होता, परंतु तेव्हा कॅमेऱ्याची बॅटरी संपली होती, म्हणून तोच खेळ मी मुलांना दुपारी बारा वाजता दहा मिनिटे पुन्हा खेळायला लावला. दृश्य झकास आले. व्हिडिओ पाहून एका आईचा फोन आला. मुलांच्या सावल्या अगदी पायाखाली आहेत, म्हणजे तुम्ही भर दुपारी लेकरांना मैदानात खेळवता, असे तिने शांतपणे सांगितले आणि नाव नोंदवले नाही. तिचे म्हणणे बरोबर होते. त्या दिवसापासून मी एक नियम पाळतो: जे वेळापत्रकात नाही ते कॅमेऱ्यासाठी मुलांकडून करवून घ्यायचे नाही आणि जी वेळ चुकली ती दुसऱ्या दिवशी त्याच वेळी टिपायची.

मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२-४३ अंशांपर्यंत जातो. त्यामुळे मैदानावरील दृश्ये सकाळी सहा ते साडेआठ आणि सायंकाळी साडेपाचनंतर घ्यावीत. या वेळेचा तिरपा प्रकाश चेहऱ्यांवर चांगला पडतो, शिवाय डोळे बारीक करून उभी असलेली मुले दिसत नाहीत. दुपारचे चित्रण आत करावे आणि ते भरपूर करावे, कारण आजीच्या प्रश्नाचे उत्तर याच दृश्यांत आहे. ओल्या फडक्याने गुंडाळलेले माठ, त्यातून पाणी घेणारी रांग, ताकाचे किंवा कैरीच्या पन्ह्याचे पेले, कूलर चालू असलेले सभागृह, मातीकामात गुंतलेले हात, जेवणानंतर चटईवर आडवी झालेली मुले, प्रथमोपचार पेटीतील क्षारसंजीवनीची पाकिटे, इन्व्हर्टर किंवा जनरेटर. अशी दृश्ये जाहिरात करणाऱ्यांना नीरस वाटतात. पालक मात्र नेमकी हीच थांबवून पाहतात.

उन्हात मोबाइल तापला की त्याचा कॅमेरा आपोआप बंद पडतो. म्हणून दोन दृश्यांच्या मध्ये तो सावलीत ठेवावा, जाड कव्हर काढावे आणि चित्रण चालू असताना चार्जिंगला लावू नये. गाडीच्या डॅशबोर्डवर तर मुळीच ठेवू नये.

आवाज, प्रकाश आणि चौकट

महागडा कॅमेरा लागत नाही. चांगला मोबाइल, एक तिपाई आणि कॉलरला लावायचा माइक एवढे पुरते. पैसे कमी असतील तर तिपाई नंतर घ्यावी, माइक आधी घ्यावा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात आवाजाचा पहिला शत्रू कूलर असतो. उघड्या कानाला त्याची सवय झालेली असते, परंतु चित्रणात त्याची घरघर बोलणाऱ्याचा आवाज गिळून टाकते. मुलाखतीपुरता कूलर पाच मिनिटे बंद ठेवावा किंवा बोलणाऱ्याला कडुनिंबाच्या सावलीत, वाऱ्याकडे पाठ करून बसवावे. माइकवर फोमची टोपी असलीच पाहिजे, कारण सायंकाळी सुटणारा वारा माइकमध्ये फडफडतो.

सभागृहात ट्यूबलाइट किंवा साधे एलईडी दिवे असतील तर चित्रात पट्टे किंवा लुकलुक दिसते. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्यामुळे हे होते. मोबाइलच्या सेटिंगमध्ये सेकंदाला २५ चौकटी (फ्रेम) निवडता येत असतील तर त्या निवडाव्यात आणि शटर एक पन्नासांश किंवा एक शतांश सेकंदावर ठेवावे, म्हणजे ही लुकलुक थांबते. तसे सेटिंग नसेल तर खिडकीजवळच्या उजेडात काम भागवावे.

प्रत्येक दृश्य आठ-दहा सेकंद स्थिर धरावे आणि कॅमेरा मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर आणावा. वरून घेतलेल्या दृश्यात मुले लहान आणि दबलेली दिसतात. व्हॉट्सॲप स्टेटस आणि रील्ससाठी उभी चौकट लागते, तर यूट्यूबसाठी आणि गावातील पडद्यासाठी आडवी. महत्त्वाची दृश्ये दोन्ही प्रकारे घ्यावीत, कारण आडव्या चित्रणातून उभी चौकट कापताना कडेची मुले अर्धी कापली जातात.

वेरूळ, दौलताबाद किंवा बीबी का मकबरा येथे सहल जात असेल तर तेथील व्यावसायिक चित्रणासाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची पूर्वपरवानगी लागते, हे लक्षात घेऊन अर्ज वेळेत करावा. ड्रोन उडवायचा असेल तर केंद्र सरकारच्या डिजिटल स्काय या ड्रोनविषयक संकेतस्थळाच्या नकाशावर तो परिसर कोणत्या क्षेत्रात येतो ते आधी पाहावे. माझ्या मते ड्रोनवरचा खर्च वाचवून एक चांगला माइक घ्यावा. आकाशातून मैदान कसे दिसते, असा प्रश्न मला अजून एकाही पालकाने विचारलेला नाही.

मुलांचे चेहरे आणि पालकांची संमती

या भागात कोणतीही सूट घेऊ नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्ती बालक ठरते आणि तिच्या वैयक्तिक माहितीच्या वापरासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती घेण्याची तरतूद त्यात आहे. ओळखू येणारा चेहरा ही अशीच माहिती आहे. संमतिपत्र मराठीत, एका पानाचे आणि प्रवेश अर्जापासून वेगळे असावे. चित्रण कोठे, किती काळ आणि कशासाठी वापरले जाईल, संमती नंतर कशी मागे घेता येईल आणि त्यासाठी कोणाला फोन करायचा, हे त्यात लिहिलेले असावे. संमती दिली नाही म्हणून प्रवेशावर काहीही परिणाम होणार नाही, हे वाक्य ठळक असावे आणि ते आचरणातही यावे.

ज्या मुलांची संमती नाही त्यांना वेगळे बसवू नये. सर्वच मुलांच्या मनगटावर गटांचे रंगीत पट्टे बांधले आणि कोणत्या गटाचे चित्रण करायचे नाही हे फक्त चित्रण करणाऱ्याला ठाऊक असले, तर कोणाला परके वाटत नाही. हातांची, पाठमोऱ्या रांगांची, चित्रांची आणि मातीच्या बैलांची दृश्ये अशा वेळी फार उपयोगी पडतात. पोहण्याच्या वेळी आणि झोपण्याच्या खोल्यांत मुले असताना कॅमेरा बंद ठेवावा, खोल्या रिकाम्या असताना दाखवाव्यात. मुलाचे पूर्ण नाव, शाळा किंवा गाव पडद्यावर लिहू नये. शिबिर चालू असताना रोजचे व्हिडिओ सार्वजनिकरीत्या टाकण्याऐवजी ते पालकांच्या गटापुरते ठेवावेत आणि जाहिरातीसाठीचे चित्रण शिबिर संपल्यावरच बाहेर काढावे.

कोणी बोलावे आणि कोणत्या भाषेत

संचालक टेबलामागे बसून मनोगत सांगत आहेत, अशी सुरुवात टाळावी. पालकांना मुलांजवळ प्रत्यक्ष राहणारी माणसे पाहायची असतात. रात्री मुलींच्या खोलीशेजारी झोपणारी ताई, स्वयंपाक करणाऱ्या मावशी, खेळ घेणारा दादा आणि मागील वर्षीच्या एका मुलाची आई, एवढी चार माणसे पुरेत. त्यांना पाठांतर देऊ नये. “रात्री एखादं लेकरू रडायला लागलं तर तुम्ही काय करता?” असा प्रश्न विचारावा आणि उत्तर पूर्ण होऊ द्यावे. एका ताईने याचे उत्तर देताना, पहिल्या रात्री दोन-तीन मुले रडतातच, मी त्यांच्याजवळ बसते आणि सकाळी घरी बोलणं करून देते, असे साधेपणाने सांगितले होते. मुले रडतात ही कबुली ठेवावी की काढावी, यावर आमची बरीच चर्चा झाली. आम्ही ती ठेवली आणि त्या वर्षी सर्वांत जास्त पालकांनी त्याच वाक्याचा उल्लेख केला.

स्वयंपाकाच्या मावशींना भाकरी थापताना बोलते करावे. ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, सकाळच्या नाश्त्याला सुशीला किंवा धपाटे, असा बेत दिसला की मूल उपाशी राहणार नाही, याची आजीला खात्री पटते.

निवेदनाची मराठी इथली असावी. शुद्ध लिहिता यावे, पण वृत्तनिवेदकासारखे बोलण्याचा अट्टहास नको. संभाजीनगर, परभणी, नांदेडमध्ये उर्दू-हिंदी बोलणारी, देगलूर-बिलोलीकडे तेलुगू जाणणारी आणि उमरगा-निलंग्याकडे कन्नड बोलणारी कुटुंबे आहेत, तसेच तांड्यांवर गोरबोली बोलली जाते. प्रत्येक भाषेत वेगळा व्हिडिओ करणे शक्य नसते. परंतु त्या भाषेतील उपशीर्षके, किंवा त्या घरातील मुलाने स्वतःच्या भाषेत आनंदाने बोललेले एक वाक्य ठेवता येते.

मराठी उपशीर्षके तर सर्वच व्हिडिओंना हवीत, कारण कितीतरी लोक आवाज बंद ठेवून पाहतात. ती युनिकोडमध्ये टंकलिखित करावीत आणि संपादनाच्या ॲपमध्ये जोडाक्षरे नीट दिसतात का ते प्रत्यक्ष तपासावे. काही ॲपमध्ये वेलांट्या आणि रफार भलतीकडे सरकतात. चुकीची मराठी पाहून, मुलांना शिकवणारी माणसे हीच का, असा प्रश्न पालकाच्या मनात आला तर त्यात त्याचा दोष नाही.

दीड मिनिटाची जुळणी

मुख्य व्हिडिओ ९० सेकंदांच्या पुढे जाऊ देऊ नये. संस्थेच्या फिरत्या चिन्हाने सुरुवात न करता पहिल्या पाच सेकंदांत सकाळच्या मैदानावरील मुले आणि “दुपारी बारा ते पाच मुले सावलीतच असतात” असे वाक्य यावे, अर्थात ते खरे असेल तरच. त्यानंतर दुपारचे सभागृह, पाणी आणि जेवण यांसाठी पंचवीसेक सेकंद द्यावीत. मग ताईचे बोलणे, मग मल्लखांब, लेझीम, मातीकाम, रात्रीचे आकाशनिरीक्षण यांपैकी जे खरोखर घेतले जाते ते, आणि मागील वर्षीच्या आईचे एक वाक्य. शेवटचे दहा सेकंद तारखा, वयोगट, ठिकाण, एकूण शुल्क आणि फोन क्रमांक स्थिर पडद्यावर मोठ्या अक्षरांत दाखवावेत. शुल्क लपवून “माहितीसाठी संपर्क करा” असे लिहिले की अनेक घरे फोनच करत नाहीत, कारण आपल्याला परवडणार नाही असे ती गृहीत धरतात. प्रवास किंवा गणवेश यांचे पैसे वेगळे असतील तर तेही तेथेच आणि मराठीतच लिहावे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार, ज्या भाषेत दावा केला असेल त्याच भाषेत त्यासंबंधीचा खुलासाही द्यावा लागतो.

“पंधरा दिवसांत अस्खलित इंग्रजी”, “शंभर टक्के सुरक्षित”, “व्यक्तिमत्त्वात आमूलाग्र बदल” असे दावे करू नयेत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अशा जाहिरातींना लागू होतो, हे कारण आहेच. त्याहून मोठे कारण असे की, पंधरा दिवसांनी ते मूल त्याच आजीसमोर जाऊन उभे राहणार असते. मागील वर्षी भाड्याने घेतलेला जलतरण तलाव या वर्षी नसेल तर ते दृश्य काढून टाकावे. कुठल्यातरी डोंगरातील तंबूंची विकत घेतलेली दृश्येही वापरू नयेत. पार्श्वभूमीला चित्रपटातील गाणे लावल्यास स्वामित्वहक्काच्या कारणाने व्हिडिओचा आवाज बंद होऊ शकतो. मुलांनीच म्हटलेले एखादे पारंपरिक गीत किंवा लेझमीचा ठेका त्यापेक्षा कितीतरी चांगला.

मुख्य व्हिडिओखेरीज आणखी एक व्हिडिओ करावा, असे मी आग्रहाने सांगेन. फाटकापासून सुरू करून मैदान, सभागृह, स्वयंपाकघर, खोल्या, न्हाणीघरे, पाण्याची टाकी आणि मुख्य रस्ता, असा सर्व परिसर न थांबता चालत दाखवणारे पाच-सहा मिनिटांचे सलग चित्रण. त्यात कोठेही कापाकापी करू नये. ज्यांचा निर्णय जवळजवळ झाला आहे असे पालक हा व्हिडिओ पूर्ण पाहतात आणि लांबच्या तालुक्यातील पालकांची जागा पाहण्यासाठीची फेरी वाचते.

पालकांपर्यंत पोहोचवणे

पहिला व्हिडिओ गुढीपाडव्याच्या सुमारास जावा, कारण सुट्टीत मामाच्या गावाला केव्हा जायचे आणि घरातील लग्ने कोणत्या तारखांना आहेत, याची आखणी तेव्हा सुरू होते. दुसरा व्हिडिओ परीक्षा संपताना पाठवावा. ऐन परीक्षेच्या आठवड्यात काहीही पाठवू नये.

खेड्यांत नेटवर्क क्षीण असते, म्हणून ७२० पी दर्जाची, १२-१५ एमबीच्या आत बसणारी फाइल वेगळी तयार करावी. अनोळखी क्रमांकांच्या याद्या विकत घेऊन व्हिडिओ पाठवणे हा पालकांना त्रास आहे आणि त्यातून विश्वास मिळत नाही. मागील वर्षीच्या पालकांना, शाळेतील शिक्षकांना, बचत गटातील ताईंना तो आधी द्यावा आणि योग्य वाटल्यास पुढे पाठवा, असे सांगावे. शक्य तेथे समाजमंदिरात सायंकाळी पडदा लावून सलग चित्रण दाखवावे आणि प्रश्नोत्तरे घ्यावीत. फेसबुक-इन्स्टाग्रामवर पैसे देऊन जाहिरात करायची असल्यास ती जिल्ह्यापुरती आणि प्रौढांपुरती मर्यादित ठेवावी. मुलांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींना मनाई करणारी तरतूद वर उल्लेखलेल्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात आहे. यूट्यूबवर टाकताना हा व्हिडिओ मुलांसाठी आहे का, असा प्रश्न येतो. तो पालकांना उद्देशून असेल तर तसेच उत्तर द्यावे, कारण मुलांसाठी म्हणून नोंदवलेल्या व्हिडिओखाली प्रतिक्रिया लिहिता येत नाहीत.

व्हिडिओत दिलेल्या क्रमांकावर रात्री आठ ते दहा या वेळेत माणूस उपलब्ध असला पाहिजे, कारण व्हिडिओ तेव्हाच पाहिला जातो. शक्य असल्यास व्हिडिओत बोलणाऱ्या ताईनेच तो फोन घ्यावा. प्रत्येक पालकाला व्हिडिओतील काय पाहून फोन केला आणि काय कळले नाही, असे दोनच प्रश्न विचारून उत्तरे त्याच जुन्या वहीत लिहावीत. किती जणांनी पाहिला या आकड्यापेक्षा ही पाने पुढील वर्षी जास्त उपयोगी पडतात.

शिबिराच्या शेवटच्या दिवशी सर्व चित्रण तारखेनुसार दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवावे, सोबत संमतिपत्रांची यादी ठेवावी आणि ज्यांनी नकार दिला आहे त्यांचा चेहरा आलेली दृश्ये त्याच दिवशी काढून टाकावीत. वर्षभराने संपादनाला बसल्यावर कोणत्या मुलाची संमती होती हे कोणालाही आठवत नाही.